समुद्राच्या बदल्यात समुद्र

कुंदा गेली तेव्हा मी दुबईत अल क्वोजला, छापखान्यात होतो. दुपार होती. फोन घरमालकीणबाईंनी केला. त्या म्हणाल्या, "प्रोफेसर, घरी या." मी घरी आलो. कुंदा बाईंच्या व्हरांड्यात होती.

नंतर भेटायला येणारा प्रत्येकजण विचारायचा, शेवटी जवळ कोण होतं. मी सांगायचो, आमच्या घरमालकीणबाई. हे उत्तर देताना मला जे वाटायचं ते सगळं दुःख नसायचं. त्यात मत्सराचा भाग होता, आणि तो त्या दिवशी सुरू झालेला नव्हता. आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हापासूनचा होता.

ते घर जुमेरामध्ये होतं. समुद्रापासून दोन गल्ल्या आत, जुनं, बसकं, पांढरं. पुढच्या भागात बाई राहायच्या आणि मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. किराणा दुकानाच्या फळ्यावर त्यांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी मी वाचली होती. शांत जोडपं हवं, एवढंच तीत होतं. घराचा पत्ता नव्हता. तेव्हा दुबईत तसा कोणालाच पत्ता नसे. मशिदीच्या मागे, कॅफेटेरियाच्या पुढे, पाण्याच्या टाकीसमोर असं सांगत सांगत माणसं घरं शोधायची. आम्हीही तसंच शोधत त्या गल्लीत गेलो. एका फाटकाशी गवती हॅट घातलेल्या एक वयस्क इंग्रज बाई भांडी धुतलेलं पाणी बोगनवेलीला घालत होत्या. मी माझ्या छापखान्यातल्या शुद्ध इंग्रजीत विचारलं, इथे कुठे खोल्या भाड्याने आहेत का. त्या म्हणाल्या, मला सांगता येणार नाही. मी विचारलं, इथे आसपास कोणी इंग्रज बाई राहतात का. त्या म्हणाल्या, तेही मला सांगता येणार नाही.

मी मागे वळलो. कुंदा वळली नाही. मला म्हणाली, "अहो, थांबा. आमच्याकडेपण असंच असतं. आधी आपण कोण ते सांगायचं असतं." आणि तिने तिच्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत, त्या बाईंना आपलं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, देवगडजवळच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं, गाव समुद्राच्या काठी आहे हेही सांगितलं. मी मिरजेचा, हे सांगायला ती विसरली. बाईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि फाटक उघडलं.

असं त्या का करायच्या ते पुढे कळलं. बाईंचं बालपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात गेलं होतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. शत्रू समुद्रातून किंवा आकाशातून कधीही उतरेल म्हणून गावाच्या सगळ्या पाट्या काढून टाकल्या होत्या. रस्त्यांच्या खांबांवरचे दिशा दाखवणारे हात उपटले, स्टेशनावरचं नाव पुसलं, बेकरीच्या गाडीवर गावाचं नाव होतं त्यावर हिरवा रंग फासला. आणि शाळेत मुलांना बजावलं होतं की अनोळखी माणसाने रस्ता विचारला तर माहीत नाही म्हणायचं. तो कितीही सभ्य दिसो, आपल्यासारखीच भाषा बोलो. शिकवणारे मरून गेले, युद्ध संपून पन्नास वर्षं झाली, बाई नवऱ्याबरोबर या वाळवंटात आल्या, नवरा इथेच गेला, त्या एका नर्सरी शाळेत कारकुनी करत मागे राहिल्या. पण रस्ता त्यांनी कोणाला सांगितला नाही. गॅसचं सिलिंडर आणणारा, वीजवाला, पोस्टातला माणूस, सगळ्यांना त्या सारख्याच नम्रपणे परत पाठवायच्या. मग कोपऱ्यावरचा मल्याळी कॅफेटेरियावाला त्यांना पोचवून जायचा. तो म्हणायचा, "मॅडम अच्छा है, लेकिन मॅडम का घर मॅडम को मालूम नहीं."

बाईंची अशी बरीच खूळं होती. त्यांच्या न्हाणीतल्या टबाला आतून, तळापासून वीतभरही उंचीवर नसलेली, काळ्या रंगाची रेघ होती. त्याच्या वर पाणी भरायचं नाही. युद्धात इंधन वाचवायला राजाच्या टबालाही अशी रेघ होती, असं त्या सांगायच्या. एक दिवस आमच्या बादलीला तशी रेघ दिसली. मी काही न बोलता दुसरी बादली आणली. आठवड्याने तिच्यावरही रेघ. मला राग आला. भाडं आम्ही देतो, पाणी आमचं. मी बाईंशी बोलायला निघालो तर कुंदा हसायला लागली. रेघ तिनेच काढली होती, दोन्ही वेळा.

खिडक्यांना काळे पडदे होते. दुबईच्या उन्हात त्यांचा उपयोगच व्हायचा, पण बाई ते उन्हासाठी लावत नसत. दिवेलागणीला त्या घराभोवती एक फेरी मारायच्या आणि कुठे उजेडाची चीर दिसली की काचेवर बोट वाजवायच्या. कॅफेटेरियावाला सांगायचा की आखाती युद्धाच्या वेळी, म्हणजे आम्ही येण्याच्या थोडं आधी, सगळी गल्ली घाबरून तांदूळ भरत होती, आणि बाई घरोघर जाऊन काचांवर कागदाच्या पट्ट्या कशा चिकटवायच्या ते शिकवत होत्या. तेव्हा इतक्या खुशीत त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं समुद्रावर जायचो. जिथे वाळू सुरू होते तिथे बाई थांबायच्या आणि हात पुढे करून म्हणायच्या, "प्रोफेसर, आधी तुम्ही." मी प्रोफेसर नव्हतो. मी एका छापखान्यात इंग्रजी कॅटलॉगांची प्रुफं तपासत होतो, पण माझ्या हातात नेहमी पुस्तक असे म्हणून त्यांनी मला ते नाव दिलं होतं. आधी चालायचा मान आपल्याला मिळतो याचं मला कित्येक महिने बरं वाटत होतं. मग एकदा कुंदाने कारण सांगितलं. बाईंच्या गावच्या वाळूत सैन्याने सुरुंग पुरले होते. काटेरी तारांची भेंडोळी किनाऱ्यावर लांबच्या लांब पसरली होती, आणि मुलांनी पाच वर्षं समुद्र फक्त तारांतून पाहिला. एकदा कोणाचा तरी कुत्रा चेंडूमागे तारेखालून आत शिरला होता. त्यानंतर बाई वाळूवर पहिलं पाऊल कधीच टाकत नसत. कोणाच्या तरी पावलांवर पाऊल ठेवून चालायच्या.

म्हणजे शुक्रवारचा आमचा क्रम असा असे. पुढे मी. माझ्या पावलांत पाय ठेवत बाई. बाईंच्या पावलांत पाय ठेवत कुंदा. मागे त्या दोघींचं बोलणं चाललेलं असे. वारा समुद्रावरून यायचा, माझ्याकडून त्यांच्याकडे वाहायचा, त्यामुळे त्यांचं मला काही ऐकू येत नसे. हसणं तेवढं ऐकू यायचं. मी वळून पाहिलं तर बाई म्हणायच्या, पुढे बघा प्रोफेसर, तुमच्यावर आमची भिस्त आहे. आणि दोघी पुन्हा हसायच्या.

दुपारी बाई नर्सरीतून परत यायच्या. कुंदाचं काम उरकलेलं असायचं. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या. दोनच. तिथे त्यांच्या गोष्टी चालायच्या. गोष्ट हा माझा शब्द. कुंदा गजाल म्हणायची. तिच्या मालवणीत गजाली म्हणजे गप्पाही आणि गोष्टीही. लग्न होऊन ती मिरजेला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने हा शब्द वापरला होता आणि माझी आई हसली होती. वाईट मनाने हसली नव्हती. पण त्यानंतर कुंदा आमच्या घरात आमच्यासारखं बोलली. वीस वर्षं माझ्याशी ती छापता येईल असं मराठी बोलली. मला वाटायचं, तिची भाषा तीच आहे. मग एका सुट्टीच्या दुपारी मी खिडकीशी वाचत बसलो होतो आणि व्हरांड्यातून बाईंचा आवाज आला:

"काय गो चेडवा, आज गजाल नाय?"

काय गं पोरी, आज गप्पा नाहीत? उच्चार इंग्रजी वळणाचे होते, पण शब्द तेच होते. जे शब्द कुंदाने माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते, ते तिने या परक्या बाईला दिले होते. मी पुस्तकाचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

गजालींना नियम होता, आणि तो बाईंचा होता. त्यांच्या गावात विमानं पाडली जायची तेव्हा तोफगोळ्यांचे वेडेवाकडे तुकडे रस्त्यावर, छपरांवर पडायचे. मुलं सकाळी ते गोळा करायची आणि शाळेत अदलाबदल करायची. फुकट कोणी कोणाला काही देत नसे. आणि तुकड्याच्या बदल्यात तुकडाच. खाऊची गोळी किंवा चित्र चालत नसे. बाईंनी हाच नियम आयुष्यभर चालवला. त्या एक आठवण सांगणार, मग तुम्ही एक सांगायची. आणि तिच्याच तोडीची. समुद्राच्या बदल्यात समुद्र.

मी एकदा प्रयत्न केला होता. सुरुवातीचे दिवस होते. बाईंनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं आणि आपल्या आईच्या बोर्डिंग हाउसची गोष्ट सांगितली. उन्हाळ्यात शहरातून येणारे पाहुणे एका आठवड्यात नाहीसे झाले आणि त्यांच्या खोल्यांत सैनिक राहायला आले. ते जिन्यावरून बूट वाजवत उतरायचे, बाईंच्या आईच्या पियानोवर ओले मोजे वाळत घालायचे आणि बाईंना आपल्या रेशनमधली चॉकलेटं द्यायचे. एका सकाळी बाई उठल्या तर सगळ्या खोल्या रिकाम्या. मोजे तसेच पियानोवर. आईने ते धुऊन, घड्या घालून वर्षभर कपाटात ठेवले. कोणी न्यायला आलं नाही.

एवढं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिरजेला कृष्णेच्या पुराची गोष्ट सांगितली. पाणी कुठपर्यंत आलं होतं, आम्ही गच्चीवर कसे बसलो होतो, म्हैस कशी वाहून आली. चांगली सांगितली, असं मला वाटलं. बाईंनी ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "प्रोफेसर, ती नदी आहे."

मग कुंदाने सांगितलं की एकाहत्तरच्या युद्धात, ती अकरा वर्षांची असताना, त्यांच्या गावात किनाऱ्यावर उजेड दाखवायचा नाही असा हुकूम निघाला होता. आईने तुळशीपुढचा दिवा घरात आणून ठेवला, तर आजोबा तीन दिवस आईशी बोलले नाहीत. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यानंतर मला चहाला बोलावलं जायचं, पण सांगायला कोणी सांगत नसे. माझ्याकडे समुद्र नव्हता आणि युद्धही नव्हतं. माझं बालपण शांततेत, कोरड्या जमिनीवर गेलं याची मला लाज वाटायला लागली, आणि पुढे राग.

कुंदा रात्री जेवताना मला बाईंचं गाव सांगायची. आपलं नाही, बाईंचं. जणू ती तिथेच वाढली होती. एकदा ती धक्क्याची गोष्ट सांगत होती. त्या गावाला समुद्रात लांब गेलेला लाकडी धक्का होता, टोकाला बँड वाजवायचा मंडप.

"अहो, त्या लोकांनी स्वतःचाच धक्का मधोमध कापला. शत्रूची बोट लागू नये म्हणून. बाई खिडकीत उभ्या होत्या, हातात पावाचा तुकडा. करवतीचा आवाज घरापर्यंत यायचा. मधला भाग पाण्यात पडला आणि मंडप तिकडेच राहिला. एकटा. आत लोखंडी खुर्च्या मांडलेल्या. पाच वर्षं त्या खुर्च्यांवर कावळेसुद्धा नाहीत, नुसते समुद्रपक्षी."

मी म्हणालो, तुला खुर्च्या बऱ्या दिसल्या. ती म्हणाली, दिसल्या ना. मी तिला विचारू शकलो असतो की तुमच्या गावात काय होतं. एकदा मी विचारलंही होतं, लग्नानंतर लगेच. ती म्हणाली होती, आमच्याकडे काय, नुसता समुद्र.

आठव्या वर्षी कुंदा गेली. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. आधी काही लक्षण नव्हतं. त्या दुपारी काय झालं ते मला कॅफेटेरियावाल्याने सांगितलं. ॲम्ब्युलन्सला फोन केल्यावर बाई अनवाणी रस्त्यावर आल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला, पिकअपला, सायकलवाल्याला हात करून मोठमोठ्याने घर दाखवू लागल्या. हे घर, हे पांढरं घर, इथे, इथे. तो म्हणाला, "मैं इतना साल में पहली बार सुना." ॲम्ब्युलन्स लवकर आली. त्याचा उपयोग नव्हता.

हे ऐकून बाईंविषयी मला माया वाटायला हवी होती. मला वाटलं, माझ्या बायकोसाठी रस्त्यावर धावायचं होतं ते मी, आणि तेही हिनेच केलं.

काही दिवसांनी बाई माझ्या दाराशी आल्या. आत येऊन बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या की त्यांना एक विचारायचं आहे, आणि ते विचारणं बरं नाही हेही त्यांना कळतं. त्या दुपारी कुंदा एक गजाल सांगत होती. त्याच एकाहत्तर सालातली. तिचे वडील मचव्याने विजयदुर्गला दुकानाचं सामान आणायला गेले होते आणि संध्याकाळच्या भरतीला परत येणार होते. किनाऱ्यावर सगळा अंधार. खाडीचं तोंड त्यांना दिसणार कसं, म्हणून आई घरात येरझारा घालत होती. तेव्हा कुंदाने कोणाला न सांगता कंदील घेतला, घोंगडीखाली लपवला, आणि खाडीच्या तोंडाशी खडकांवर जाऊन उभी राहिली. घोंगडी बाजूला केली आणि कंदील वर धरला. तोच मागून शिट्टी वाजली आणि कोणीतरी ओरडलं, बत्ती विझवा.

"इथे ती म्हणाली, थांब मावशी, आधी पाणी. मी आत पाणी आणायला गेले." मग त्यांनी विचारलं, "पुढे काय झालं, प्रोफेसर? वडील आले का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

त्यांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच मला लागलं. मी म्हणालो, ही गजाल मी आत्ता पहिल्यांदा ऐकली. बाकीच्याही सांगा. तिने तुम्हाला आठ वर्षं सांगितल्या त्या सगळ्या.

"बदल्यात?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, माझी बायको होती ती.

"हो," बाई म्हणाल्या. "पण तिने मला एकही फुकट दिली नाही. मी फुकट वाटल्या तर तिचा व्यवहार खोटा ठरेल."

त्याच सुमाराला घराच्या मूळ मालकाने, आम्ही ज्याला अरबाब म्हणायचो त्या म्हाताऱ्याने, येऊन सांगितलं की जुनी घरं पाडून तिथे नवीन बांधायची आहेत. खलास, त्याने दोन्ही हात झटकले, आणि मग बाईंकडे बघून डोळे पुसले. बाईंनी इंग्लंडला भाच्याकडे जायचं ठरवलं. भाच्याचं गाव समुद्रापासून लांब होतं. उन्हाळ्याआधी त्या जाणार होत्या. म्हणजे कुंदाचं बालपण, होतं तेवढं सगळं, बाईंबरोबर विमानात बसणार होतं आणि मी विमानतळावर हात हलवणार होतो.

कुंदाच्या अस्थी घेऊन मी देवगडला गेलो. तिचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, वडिलांचं ते दुकान चालवत होता. होडीतून परत आल्यावर आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी त्याला कंदिलाची गजाल सांगितली आणि विचारलं, पुढे काय झालं. मला उत्तर हवं होतं. बाईंकडे न्यायला माझ्या हातात पहिल्यांदा काहीतरी येणार होतं, समुद्राचं आणि युद्धाचं.

दादा ऐकता ऐकता हसायला लागला, मग त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "ती खंयची? ती घरात निजलेली. कंदील घेवन दर्यार गेललंय तो मी."

मग त्याने पुढचं सांगितलं. शिट्टी ऐकून तो इतका दचकला की कंदील हातातून निसटून खाडीत पडला. अंधारातच घरी पळाला. वडिलांना अंधारामुळे खाडीचं तोंड सापडलं नाही. ते पलीकडच्या गावाला लागले, रात्र तिथेच काढली आणि सकाळी चालत आले. "बापाशीन माका बडवल्यान. कंदील नवीन होतो." कुंदाला त्याने हे सगळं सकाळी मोरीपाशी, पाठीला तेल लावून घेताना सांगितलं होतं. "माजी गजाल थय दुबैत जावन इकल्यान," तो म्हणाला. माझी गोष्ट तिने दुबईत जाऊन विकली. "इतक्या वर्सांत माका कोणी इचारूक नाय."

ओट्यावर माझ्याशेजारी बसलेल्या त्या पंचेचाळिशीच्या माणसाला बहिणीचा हेवा वाटत होता, आणि बहिणीची राख अजून ओल्या पंचाला चिकटलेली होती. मला तो एकदम जवळचा वाटला.

परतीच्या विमानात मी ठरवलं की हे बाईंना सांगायचं. वाक्यंसुद्धा मनात जुळवली. तुम्ही जपलेली गजाल तिची नव्हतीच. तिने तुम्हाला दुसऱ्याचा माल दिला. आठ वर्षं तुम्ही जो समुद्र घेतलात, त्यात कुंदा किती आणि तिचा भाऊ किती, बसा मोजत. खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. एवढं तरी मला मिळावं असं वाटत होतं.

व्हरांड्यात बाई सामानाला दोऱ्या बांधत होत्या. दोऱ्यांचे तुकडे गाठी मारून मारून लांब केलेले. मी कुंदाच्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत मी आधी कधीच बसलो नव्हतो. शिट्टीपासून पुढचं सगळं सांगितलं, आणि शेवटी ते कोणाच्या बाबतीत झालं तेही सांगितलं. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. कंदील पाण्यात पडला तेव्हा त्यांनी तोंडावर हात नेला. मार खाल्ला ते ऐकून हसल्या. आणि गजाल दादाची होती हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला नाही.

"अर्थात," त्या म्हणाल्या. "धक्का कापला तेव्हा मी तिथे नव्हते."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या मुलांना आत, सुरक्षित गावांत पाठवलं होतं. त्याही गेल्या होत्या, एका दूरच्या आत्याकडे. थोरली बहीण आईच्या मदतीला मागे राहिली. खिडकी, पावाचा तुकडा, करवतीचा आवाज, सगळं बहिणीचं. बाई वर्षभराने परतल्या तेव्हा धक्का कापलेलाच होता. बहिणीने रात्री अंथरुणात सांगितलं, एकदाच, कंटाळत. "तिच्याकडे इतकं होतं की तिला त्याची किंमत नव्हती," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे आत्याच्या घरची मेंढरं होती. मी इतकी जळत होते, प्रोफेसर, की मी ती गोष्ट घेतली. बहीण गेल्यावर ती माझीच झाली."

मी विचारलं, कुंदाला हे माहीत होतं?

"दुसऱ्याच वर्षी सांगितलं. ती म्हणाली, मग मावशी, मलापण भावाच्या गजाली काढता येतील."

म्हणजे हेही त्या दोघींमध्येच होतं. मी विमानात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. माझ्या मनात एवढंच आलं की कुंदाला माझ्या पुराची म्हैस घेता आली असती, आणि तिने घेतली नाही.

बाईंनी खाली ठेवलेली दोरी पुन्हा उचलली. मग म्हणाल्या की मी आणलेली गजाल पुऱ्या वजनाची होती, शिट्टी, खाडी, मार, सगळं तिच्यात होतं, आणि तिच्या बदल्यात त्या एक देणं लागतात. मी म्हणालो, एकच? त्या म्हणाल्या, "नियम नियम आहे. पण दादांकडे अजून असतील ना?"

मी त्याच रात्री देवगडला फोन लावला. पुढचे दोन महिने हेच चाललं. दादा दुकान बंद करून घरी आला की मी फोन करायचो. त्याला आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं होतं. तो सांगत सुटायचा, मध्येच म्हणायचा, ह्या ऱ्हवांदे, पैले ता ऐक. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून आलो की मी ते व्हरांड्यात ठेवायचो, आणि बाई बदल्यात कुंदाची एक द्यायच्या. किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, रापणीचा दोर ओढायला गेलेली कुंदा, हातांना फोड आले तरी वाटा घेतल्याशिवाय न हललेली. आजोबांचा अबोला सोडवायला तुळशीपुढे काजवा ठेवणारी कुंदा. काही गजाली दादाच्या आणि तिच्या सारख्याच निघायच्या, फक्त पाण्यात पडणारा माणूस बदललेला. अशी एक आली की बाई दोन्ही बाजूंनी ऐकायच्या आणि कोणती खरी ते कधी म्हणायच्या नाहीत. त्या चांगलं सांगायच्या. कुंदाचे हात कसे हलायचे तेही दाखवायच्या, आणि ते हात मी ओळखायचो, पण त्या गोष्टींसाठी ते हलताना मी पाहिलेले नव्हते. एखाद्या संध्याकाळी मी ऐकता ऐकता उठून आत निघून जायचो. दुसऱ्या दिवशी बाई तिथूनच पुढे सुरू करायच्या.

जाण्याच्या दिवशी मी टॅक्सी बोलावली. बाईंकडे अजून काही उरल्या होत्या. त्या म्हणाल्या, तेवढ्या माझ्याजवळ राहू द्या. मी आग्रह केला नाही, पण माझ्या मनात आलं की उरलेल्याच सगळ्यांत चांगल्या असणार. टॅक्सीवाला पठाण होता. त्याने विचारलं, कहाँ जाना है. बाई गप्प बसल्या. मी सांगितलं, एअरपोर्ट.

घर पाडलं. मी आणखी काही वर्षं एका खोलीत काढून मिरजेला परतलो. बाई इंग्लंडमध्ये दोन हिवाळे काढून गेल्या, भाच्याने कळवलं. दादा मागच्या पावसाळ्यात गेला.

माझ्याकडे आता समुद्राकाठचं एक बालपण आहे. त्यातलं थोडं कुंदाचं आहे, थोडं तिच्या भावाचं, थोडं बाईंचं आणि थोडं बाईंच्या बहिणीचं. माझं त्यात काही नाही. कुंदाने तिचं बालपण बाईंना इंग्रजीत सांगितलं, बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं, आणि अजूनही मला ते इंग्रजीतच आठवतं.